शाळेचा पट आणि त्यामागील घरे

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. अशा अंकात ट्रस्टचा इतिहास, देणगीदारांची नावे व संस्थापकांच्या आठवणी येतात, आणि त्या याव्यात हे योग्यच आहे. परंतु ते काम आमच्याहून वडीलधारी मंडळी अधिक चांगले करतील. आम्ही शिक्षक माणसे. रोज सकाळी हजेरीपट उघडावयाचा, नावे वाचावयाची, आणि 'हजर' असे उत्तर न आलेल्या नावापुढे खूण करावयाची, एवढाच आमचा धंदा. म्हणून त्या पटाविषयीच चार शब्द लिहावे असे योजिले आहे.

निमित्तही तसेच घडले. महोत्सवानिमित्त जमणाऱ्या निधीतून सभागृह बांधावे की मुलांच्या शिक्षणासाठी कायमची ठेव करावी, याविषयी सभेत पुष्कळ चर्चा झाली. दोन्ही बाजूंनी कळकळीने बोलणे झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एका भगिनीने विचारले, ''सातवीनंतर आपल्या किती मुली घरी बसतात, हा आकडा कोणाजवळ आहे काय?'' सभेत आम्ही तीन शिक्षक होतो. तिघांनीही खाली पाहिले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ते उत्तर कसे मिळवावे आणि मिळविताना आपल्या मुलखाविषयी काय ध्यानात ठेवावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गावाची मोजणी करून मगच त्याच्याविषयी बोलावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणाची जमीन किती तुकड्यांत आहे, कर्ज किती आहे, घरात खाणारी तोंडे किती आणि मिळविणारे हात किती, हे त्यांनी एकेका घरात बसून लिहून घेतले. (ते खेडे आज पिंपरी-चिंचवड शहरात गडप झाले असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत.) पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयी दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ साली छापले. ही थोर माणसे होती. त्यांच्या हाताशी संस्था होत्या. आपणाजवळ काय आहे? शाळेचे जनरल रजिस्टर, ट्रस्टची अर्जांची फाइल, आणि प्रत्येक गल्लीत ओळख. आमच्या मते आरंभाला एवढी सामग्री पुरेशी आहे.

प्रथम मुलूख पाहू. हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत संकेश्वरास येते, आणि पुढे घटप्रभेला मिळते. आंबोलीला पाऊस मुसळधार. तेथून पूर्वेकडे जसजसे यावे तसतसा तो झपाट्याने कमी होतो, आणि हुक्केरीच्या पलीकडे तर कोरडवाहू मुलूख लागतो. एकाच शाळेतील दोन मुलांपैकी एकाचे घर नदीकाठच्या उसात, तर दुसऱ्याचे माळावरच्या ज्वारीत असते, ते यामुळेच. नदीकाठची श्रीमंतीही बिनधोक नाही. २०१९ व २०२१ या वर्षांतील पुरांनी काठच्या वस्त्यांना घरे सोडावयास लावली, आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर चढून वाहतूक बंद पडली. पुरानंतर दप्तर वाळत घातलेली अंगणे आम्ही पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट सरहद्दीची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे राहिला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. पण शाळेच्या दृष्टीने पाहता सरहद्द त्याहूनही जुनी आहे. गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात होते आणि संकेश्वर इंग्रजी मुलखात. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. इकडे विठ्ठलभाई पटेलांचा १९१८ चा कायदा आला, तो ज्या नगरपालिकांची इच्छा असेल तेवढ्यांपुरता. म्हणजे अवघ्या काही कोसांच्या अंतरावर दोन मुलांचे नशीब वेगळे झाले. कोल्हापुरास १९०६ साली महाराजांच्या आश्रयाने मुस्लिम बोर्डिंग निघाले. आपल्या भागातून वर जाऊ पाहणाऱ्या मुलांना कोल्हापूरची वाट जवळची वाटे, त्याची कारणे अशी जुनी आहेत.

आता आकड्यांकडे वळू. २००१ च्या शिरगणतीत संकेश्वर शहराची लोकसंख्या ३२ हजारांच्या वर होती. २०११ मध्ये ती ३४ हजारांच्या वर गेली. म्हणजे दहा वर्षांत शेकडा सहा-सात एवढीच वाढ. त्याच दहा वर्षांत बेळगाव जिल्हा ४२ लाखांवरून जवळजवळ ४८ लाखांवर गेला. ही वाढ शेकडा १३ च्या आसपास आहे. महामार्गावरचे, साखर कारखान्याचे, बाजारपेठेचे गाव जिल्ह्याच्या निम्म्याच वेगाने का वाढावे? आमच्या समजुतीप्रमाणे याची कारणे दोन. नवीन वस्ती नगरपालिकेच्या हद्दीबाहेर पसरली, ती शेजारच्या खेड्यांच्या खात्यावर पडते. आणि शिकलेला मुलगा बेळगाव, कोल्हापूर, पुणे, बंगळूर गाठतो, तो परत येत नाही. घराघरात म्हातारे आईबाप व कुलूप घातलेली वरची खोली दिसते, तिचा हिशेब येथे लागतो.

त्याहूनही मोठा फरक जन्मांत पडला आहे, आणि शाळांना तो सर्वांत अधिक जाणवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९-२१ मध्ये कर्नाटकात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होती. पिढीची जागा पिढीने भरावयाची तर २.१ लागतात. आपल्या समाजाविषयी नाना प्रकारचे बोलणे कानी येते, म्हणून तोही आकडा येथे देतो : सबंध भारतात मुस्लिम स्त्रीमागे १९९२-९३ मध्ये ४.४ मुले होती, ती २०१९-२१ मध्ये २.३६ वर आली. एवढी उतरण इतक्या थोड्या काळात क्वचितच पाहावयास मिळते. ज्यांना खात्री हवी असेल त्यांनी आपल्याच घरातील आजी, आई व सून यांची मुले बोटांवर मोजावीत.

आता या आकड्याचा पटाशी संबंध काय? शाळेचा पट घसरला की आपण म्हणतो, पालक इंग्रजी शाळेकडे गेले. मग मास्तरांना दोष देतो, माध्यमाला दोष देतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु सहा वर्षांपूर्वी जी मुले जन्मलीच नाहीत, ती यंदा पहिलीत कोठून येणार? गल्लीतील जन्मांचा आकडा व पहिलीतील दाखल्यांचा आकडा शेजारी-शेजारी मांडला, म्हणजे पट किती जन्मांमुळे घटला आणि किती पालकांच्या पसंतीमुळे, ते वेगळे काढता येते. हे गणित पाचवीच्या मुलालाही येईल. मोठमोठ्या सभांतून ते कोणी करीत नाही, याचे आम्हास नवल वाटते.

घरे पोसतात कशावर? संकेश्वरचे नाव दूरवर गेले ते मिरचीमुळे. कोल्हापूरकडील गृहिणी कांदा-लसूण चटणीसाठी 'संकेश्वरी' मागून घेतात. रंगास ब्याडगी आणि झणका व वासास संकेश्वरी, असा जुन्या बायकांचा हिशेब असे. तथापि रोग, मजुरी व बाहेरून येणारी स्वस्त मिरची यांमुळे या जवारी मिरचीचे क्षेत्र आक्रसत गेले आणि तिच्या रानांत ऊस व सोयाबीन आले. उसाला आधार झाला तो सहकाराचा. अप्पणगौडा पाटील यांच्या पुढाकाराने येथे हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यांच्याच प्रयत्नाने १९६९ साली हुक्केरी तालुक्याची ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाली. देशात त्या वेळी अशा पाचच संस्था प्रयोगादाखल काढल्या होत्या, आणि त्यांत आपला तालुका होता. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट असावयास हवी होती.

उसाचे व शाळेचे नाते मात्र गुंतागुंतीचे आहे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. बिल आले की दुकानाची उधारी फिटते, सोसायटी फिटते, आणि उरलेच तर फी भरली जाते. जूनमध्ये फी मागावी तर बागायतदाराच्याही हाती रोकड नसते. मोटारीला वीज रात्रीची मिळाली की थोरला मुलगा पाणी पाजावयास रानात जातो आणि दुसरे दिवशी गणिताच्या तासाला पेंगतो. त्याला उठवून उभे करण्याआधी आम्ही हल्ली विचारतो, ''काल पाळी होती काय रे?'' हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नाही. त्यांची लेकरे पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतात. शाळा अर्ध्या फर्लांगावर असते, पण त्यांचे नाव त्यांच्या गावच्या पटावर असते आणि तेथे त्यांच्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण पडते. दोन पटांच्या मधोमध पडलेली ही मुले आहेत.

यानंतरचा विषय आम्ही जरा सविस्तर मांडणार आहोत, कारण तेथे आमची स्वतःची चूक झाली होती.

२०११ च्या फेब्रुवारीत आम्ही शिरगणतीचे प्रगणक होतो. शिक्षकांकडे हे काम येतेच. आम्ही त्या वेळी नवखे, हातात नकाशा, काखेत फॉर्मांची बॅग, आणि वीस दिवसांत सगळा गट उरकावयाची घाई. एका गल्लीत एक वयस्क बाई उंबऱ्यात बसून मिरचीची देठे खुडीत होत्या. पुढ्यात लाल ढीग, ओढणी नाकावरून बांधलेली, दोघी नाती शेजारी. आम्ही नाव, वय, शिक्षण विचारले आणि मग विचारले, ''खाला, तुम्ही काम काय करता?'' त्या हात न थांबविता म्हणाल्या, ''काम कायका मास्तर, घरमेंच तो बैठी रहती मैं.'' आम्ही 'काम करीत नाही' असा आकडा भरला आणि पुढल्या दाराशी गेलो. तीन घरे ओलांडल्यावर शिंक आली. मिरचीची खाट बोटांना व फॉर्मालाही लागली होती. तेव्हा कोठे उमगले की, जे काम आमच्या नाकाला कळले ते आमच्या लेखणीला कळले नाही. परत गेलो. व्यापाऱ्याकडून पोते येते, किलोवर मजुरी मिळते, हे काम वर्षातून सात-आठ महिने चालते, आणि नातींच्या वह्या त्यातूनच येतात, असे त्यांनी सहज सांगितले. शिरगणतीच्या नियमाप्रमाणे वर्षात सहा महिने, म्हणजे १८३ दिवस वा अधिक काम करणारी व्यक्ती 'मुख्य काम करणारी' ठरते. आम्ही खाडाखोड करून आकडा बदलला. परंतु त्या दिवशी सकाळपासून झालेल्या इतर घरांचे काय? आठवून आठवून काही घरे पुन्हा केली. सर्वच केली, असे म्हणता येणार नाही.

याचे परिणाम केवळ कागदावर राहत नाहीत. निपाणीचे उदाहरण घ्या. तेथील तंबाखूच्या वखारींत व विडीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी काम केले. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या, तेव्हा कोठे त्यांची मजुरी व त्यांचे तास ही गोष्ट जगापुढे आली. (पुढच्याच वर्षी, १९८१ च्या मार्च-एप्रिलात, तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. ती हकीकत आपल्या वडीलमंडळींस अधिक ठाऊक आहे.) विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी निर्माण झाला आणि त्यातून त्यांच्या मुलांस शिष्यवृत्ती मिळू लागली. परंतु तिच्यासाठी ओळखपत्र पाहिजे. जिच्या कामाची नोंद कोठेच नाही, तिला ओळखपत्र कसले? तिच्या मुलीची शिष्यवृत्ती 'घरीच असते' या दोन शब्दांनी बुडते. आपल्या ट्रस्टच्या अर्जातही 'वडिलांचा व्यवसाय' असा एकच रकाना आहे. आईच्या कामाचा रकाना नाही. हे आम्ही टीका म्हणून लिहीत नाही. तो नमुना तयार करणाऱ्यांत आम्हीही होतो.

आपल्या समाजातील व्यवसायांविषयी थोडे. आडनावावरून धंदा ओळखावा, असे दिवस होते. बागवान फळभाजीत, अत्तार सुगंधात व किराण्यात, तांबोळी पानात, शिकलगार धारेत, मणेर बांगड्यांत, आणि नदाफ किंवा पिंजारी कापसाच्या गाद्यांत. आज काय दिसते? बागवान मंडळी बाजारपेठेत टिकून आहेत. कारण भाजीचा धंदा रोज रोकडा चालतो आणि नात्यातल्या चार माणसांवर उभा राहतो. पिंजाऱ्याची तात मात्र फोमच्या गादीने तोडली. त्या घरातली मुले आज ट्रक चालवितात, गवंड्याच्या हाताखाली जातात, किंवा गोकुळ शिरगाव-कागलच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागतात. कर्नाटकात नदाफ-पिंजार मागासवर्गीयांच्या पहिल्या प्रवर्गात येतात. परंतु दाखल्याअभावी ती सवलत पुष्कळांना मिळत नाही, आणि सरहद्दीपलीकडून लग्न होऊन आलेल्या मुलीच्या कागदपत्रांची तर आणखीच कुतरओढ होते. दोन राज्यांच्या याद्या वेगळ्या आणि आपली सोयरीक मात्र एकच.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दोन गोष्टी दाखविल्या, त्या येथे सांगण्यासारख्या आहेत. २००१ साली देशात एकंदर साक्षरता शेकडा ६५ च्या घरात असता मुसलमानांत ती ५९ होती. २०११ मध्ये ती ६८ च्या वर गेली. दुसरे म्हणजे, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत शिकणारी शंभरात तीन-चारच होती. बाकीची तुमच्या-आमच्या सर्वसाधारण शाळांत आहेत, किंवा कोठेच नाहीत. तेव्हा खरी काळजी त्या 'कोठेच नाहीत' असलेल्यांची करावयास हवी.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे, तरी टाळणे योग्य नव्हे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे बेळगाव जिल्ह्यात शंभरातील सुमारे ६८ लोकांची मातृभाषा कन्नड, १९ जणांची मराठी व जवळजवळ १० जणांची उर्दू आहे. मुसलमानांचे प्रमाण शंभरात ११ च्या आसपास आहे. या दोन आकड्यांतील थोडा फरक असे सुचवितो की, काही मुस्लिम घरांनी आपली भाषा मराठी किंवा कन्नड लिहविली असावी, आणि यात खोटे काहीच नाही. आमच्या परिचयाच्या एका घरात थोरला मुलगा उर्दू शाळेत शिकला, मधला मराठी, मुलगी कन्नड, आणि धाकटा इंग्रजी शाळेत जातो. आई मुलांशी दखनीत बोलते, भाजी मराठीत घेते, सरकारी कार्यालयात कन्नडमध्ये बोलते, आणि राग आला की तिन्ही भाषा एकदम वापरते. भाषा येण्यात आपली मुले मागे नाहीत. अडचण येते ती पायरी बदलताना. प्राथमिक शाळा एका माध्यमाची, पण त्या माध्यमाचे हायस्कूल लांब. मग माध्यम बदलावे लागते, नाही तर बसने जावे लागते. मुलाला बसने पाठवितात. मुलीच्या बाबतीत माध्यम बदलणे अगर शाळा सुटणे, यांपैकी एक होते. २०१५ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत कन्नड शिकविणे सक्तीचे झाले. त्याविषयी मतभेद असोत. परंतु नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलांना कन्नड पक्के येत नाही म्हणून जे सोसावे लागते, ते पाहता आम्ही तरी पालकांना ती भाषा मनापासून शिकवा असेच सांगतो. त्याने घरची भाषा जात नाही.

शिरगणतीच्या फॉर्मात मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहिण्याची सोय २०११ मध्ये होती. कित्येक घरांनी ती कोरी ठेविली; कित्येकदा प्रगणकाने विचारलेच नाही. २०२१ ची शिरगणती कोविडच्या साथीमुळे झाली नाही. पुढची २०२७ सालची, १ मार्च ही संदर्भतारीख धरून, होईल असे सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे. मधल्या काळात राज्य मागासवर्ग आयोगाच्या सामाजिक-शैक्षणिक पाहणीसाठी २०२५ च्या सप्टेंबरात शिक्षक पुन्हा दारोदार फिरले. आमची वाचकांस विनंती अशी की, मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपणाशी जी भाषा बोलत होती ती. ती निःशंकपणे सांगावी, आणि इतर दोन भाषांचे रकाने विचारतील तेव्हा तेही भरून घ्यावेत. कोण काय म्हणेल याचा विचार करून भाषा सांगू नये. शाळा कोठे व कोणत्या भाषेची लागते, हे ठरविणाऱ्यांच्या हाती शेवटी हेच कागद जातात.

मुलींच्या बाबतीत जिल्ह्याचा आकडा आपणास ठाऊक असावा. २०११ मध्ये बेळगाव जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता शेकडा ८२ व स्त्रियांची ६४ ते ६५ होती. अंतर सतरा-अठरा टक्क्यांचे. यात आजी-पणजी आल्या, हे खरे. आजच्या पहिलीत मुली व मुले बरोबरीने येतात. दुपारचे जेवण २००३ पासून जिल्ह्यात मिळू लागले, त्याचा यात मोठा वाटा आहे, असे आम्ही रोजच्या अनुभवावरून म्हणतो. पण वर्गातील मुलींची संख्या सातवी, आठवी, दहावी या वळणांवर घटते. २०२३ च्या जूनपासून राज्याच्या साध्या बसमधून स्त्रियांना तिकीट लागत नाही. यामुळे 'भाडे परवडत नाही' हे कारण गेले. ज्या घरांनी त्यानंतरही मुलगी पाठविली नाही, तेथे खरे कारण वेगळे होते. थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता, संध्याकाळची उशिरा येणारी बस, शाळेतील स्वच्छतागृह, धाकट्या भावाला सांभाळणे, यांपैकी कोणते, हे घरात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या बाजूने, अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. ती आता नववी-दहावीपुरतीच राहिली. रक्कम मोठी नव्हती. पण तिच्या निमित्ताने पालक वर्षातून एकदा शाळेत येत, आणि मुलीचे नाव पटावर राही.

ट्रस्टकडे दरवर्षी अर्ज येतात, आपण त्यांतून निवड करतो, आणि मदत देतो. ही पद्धत प्रामाणिक आहे. परंतु अर्ज कोण करतो? ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याची विश्वस्तांशी ओळख आहे, ज्याला मागण्याचा संकोच नाही तो. आपल्या धर्मात जकातीच्या हक्कदारांत 'फकीर' आणि 'मिस्कीन' अशी दोन नावे वेगवेगळी आली आहेत. त्यांतील फरकाविषयी आलिमांत मतभेद असले तरी, जो गरजू हात पसरीत नाही आणि म्हणून परक्याला खाऊनपिऊन सुखी वाटतो, त्याचा शोध देणाऱ्याने घ्यावा, याविषयी मतभेद नाही. अर्जाच्या फाइलीत असा माणूस सापडत नाही. तो गल्लीतच सापडावयाचा.

म्हणून आमची सूचना अशी आहे. सभागृह की ठेव, हा निर्णय विश्वस्तांनी सहा महिने पुढे ढकलावा, आणि तेवढ्या अवधीत घरोघर एक साधी नोंद करून घ्यावी. नमुना आम्ही दोघा सहकाऱ्यांच्या मदतीने तयार केला आहे. एका घरास एक पान. घरातील प्रत्येकाचे वय व शिक्षण. आईच्या कामाचा स्वतंत्र रकाना, आणि त्यात 'काही नाही' असे उत्तर आल्यास दुसऱ्यांदा विचारण्याची सूचना. वर्षातील कोणत्या महिन्यांत हाती पैसा येतो. सहा ते अठरा वयाचे प्रत्येक मूल आज कोठे आहे, आणि शाळेत नसल्यास कोणत्या इयत्तेतून व कोणत्या महिन्यात सुटले. महिना आम्ही मुद्दाम घातला आहे. जानेवारीत सुटलेले मूल बहुधा सुगीत गेलेले असते, जूनमध्ये सुटलेले पुस्तक-फीसाठी अडलेले असते, आणि मेमध्ये सुटलेल्या मुलीचे बहुधा लग्न ठरलेले असते. तिन्हींवर उपाय निरनिराळे आहेत. शेजारच्या गल्लीतील हिंदू, जैन व लिंगायत घरेही या नोंदीत घ्यावीत की काय, यावर आमच्यात वाद झाला. शाळा सर्वांची असल्यामुळे घ्यावीत, असे आमचे मत पडले, निर्णय विश्वस्तांचा.

आडनाव-पत्त्याचे पान वेगळे राहील आणि ते ट्रस्टच्या कपाटाबाहेर जाणार नाही. लोकांना हल्ली कागदाची भीती वाटते, ती निष्कारण नाही.

नोंद घेण्यासाठी दहावी-बारावी झालेल्या मुली मिळाल्यास उत्तम. त्यांना उंबऱ्याच्या आत बोलावतात, आम्हाला ओट्यावरच थांबवितात. दोघी-दोघींनी रविवारी फिरावे. एका रविवारी दहा घरांपेक्षा अधिक करू नयेत. कोरे नमुने ट्रस्टच्या कार्यालयात ठेविले आहेत. ज्या भगिनीने सभेत तो प्रश्न विचारला, त्यांनी पहिल्या रविवारी येण्याचे कबूल केले आहे. आरंभ नदीकाठच्या गल्लीपासून करावयाचा आहे, कारण तेथे आमची काही घरे २०११ पासून राहिलेली आहेत.